तांबडी माती, जुनं कॅलेंडर आणि चित्रकलेचा तास



चित्रकलेचा तास म्हटलं की बऱ्याच वर्गांत काय होतं? फळ्यावर दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि एक नारळाचं झाड. मुलं ते वहीत उतरवतात. ज्याच्याकडे रंगपेटी नाही, तो शेजाऱ्याकडे बघत बसतो. माझ्याही वर्गात कित्येक दिवस हेच चाललं होतं.

आमचं दाभोळ वाशिष्ठी नदीच्या मुखावर. वर्गातली बरीच मुलं मासेमारी करणाऱ्या घरांतली. त्यातला एक मुलगा या तासाला वहीच काढायचा नाही. "बाई, मला चित्र नाय जमत," एवढंच म्हणायचा. मग ठरवलं, रंगपेटी बाजूला ठेवून बघू.

सुरुवात आपल्या मातीपासून केली. गोवा, सिंधुदुर्ग आणि कर्नाटक किनाऱ्यावरच्या काही जुन्या देवळांत 'कावी' नावाची भित्तिकला दिसते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि तो ओलसर असतानाच टोकदार अवजाराने खरवडायचा. खालचा पांढरा चुना दिसू लागतो आणि तेच चित्र! म्हणजे इथे रंग भरायचा नसतो, काढायचा असतो.

वर्गात खरा चुना वापरू नका, डोळ्यांना आणि त्वचेला घातक असतो. आम्ही असं केलं:

१. अंगणातली तांबडी माती फडक्याने गाळून पाण्यात भिजवली. रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून टाकलं.
२. 2 चमचे मैदा आणि 1 कप पाणी शिजवून खळ केली. थंड झाल्यावर त्यात 3 चमचे माती कालवली.
३. गुळगुळीत जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर हा लेप पसरला.
४. ओला असतानाच खराट्याच्या हिराने, तुटक्या कंगव्याने रेघा ओढल्या.

चुकलं की पुन्हा हात फिरवायचा, पाटी कोरी! खोडरबर नको, "बिघडलं" ही भीतीही नको.

आणि तो मुलगा? दुसऱ्या दिवशी घरून जाळ्याचे दोन तुकडे घेऊन आला. ओल्या लेपावर दाबून उचलले. एकीकडे मोठे आस उमटले, एकीकडे बारीक. मग त्यानेच वर्गाला सांगितलं, बारीक आसाच्या जाळ्यात माशांची पिल्लंही अडकतात. त्या दिवशी तो शिकवत होता, आम्ही ऐकत होतो.

एका पालकांनी विचारलं, "बाई, शाळेत मातीत खेळवता का पोरांना?" प्रश्न रास्त आहे. मी त्यांना दोन उदाहरणं दिली. वारली चित्रं तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने शेणामातीच्या भिंतीवर काढली जात. तीच कला जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. आणि पिकासोने 1912 मध्ये एका चित्रात छापील मेणकापड चिकटवून भोवती चक्क दोरखंडाची चौकट केली होती. दोरखंड तर आपल्या बंदरावर रोज दिसतो!

आता फसलेलं सांगते. पावसाळ्यात खळीची चित्रं नीट न वाळवता गठ्ठा करून ठेवली, सगळ्यांना बुरशी आली. खळ टिकावी म्हणून काहीजण मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे, मुलांच्या हाती नको. ओल्या काजूची टरफलंही टाळा, त्यातल्या तेलाने कातडी भाजते. जुनी जाळी साबणाने धुऊन, उन्हात वाळवून, गळ अडकलेला नाही ना ते बघूनच द्या. शिंपले रिकामेच गोळा करा.

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत "चित्र सुबक काढतो" एवढंच लिहू नका. कोणतं साहित्य निवडलं, का निवडलं, फसल्यावर काय बदललं, हे मुलाला विचारा आणि ते लिहा. त्या मुलाच्या नोंदीत मी लिहिलं, "जाळ्याचा ठसा वापरतो, कारण सांगतो."

पालकहो, रंगपेटी जरूर आणा. पण ती नाही म्हणून मुलाचा तास रिकामा जाऊ देऊ नका. तुमच्या अंगणात, पडवीत, होडीत काय पडलंय, ते एकदा मुलालाच शोधायला सांगा. आणि काय सापडलं, ते आम्हालाही कळवा.