स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या शाखा : अमेरिकेतील ‘हिम्स’ संस्थेचे स्थानिक कार्य

रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पिवळा पडलेला केसपेपर हाती धरून रांगेत उभे राहण्याचा अनुभव आपणांपैकी बहुतेकांना आहे. आता पुष्कळ ठिकाणी त्या कागदाची जागा संगणकाने घेतली आहे. रुग्णाचे नाव, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे, मागील शस्त्रक्रिया ही सारी माहिती पडद्यावर दिसते आणि तिच्यावर विसंबूनच डॉक्टर निर्णय घेतात. ही यंत्रणा उभारणारा व सांभाळणारा वर्ग पूर्णपणे वैद्यकीय नाही आणि केवळ अभियंत्यांचाही नाही. त्यात परिचारिका आहेत, औषधनिर्माते आहेत, संगणकतज्ज्ञ आहेत, हिशेबनीस आहेत. आपल्या धर्मग्रामांतील जी मुले-मुली अमेरिकेत रुग्णालयांच्या किंवा संगणक कंपन्यांच्या सेवेत आहेत, त्यांच्या बोलण्यात ‘हिम्स’ हे नाव वाचकांनी कदाचित ऐकले असेल. या व्यवसायातील लोकांची ती संघटना होय. तिच्या गावोगावच्या शाखा कशा चालतात, याची माहिती आम्ही प्रस्तुत लेखात देत आहोत.

‘हेल्थकेअर इन्फर्मेशन अँड मॅनेजमेंट सिस्टिम्स सोसायटी’ या लांबलचक नावाचे ‘हिम्स’ हे लघुरूप आहे. संस्थेची स्थापना १९६१ साली झाली. जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीशी संबंधित एडवर्ड गर्नर व हॅरॉल्ड स्मॉली हे तिचे संस्थापक. त्या वेळी तिच्या नावात ‘माहिती’ हा शब्दही नव्हता. कारखान्यातील कामाची आखणी करणाऱ्या अभियंत्यांची दृष्टी रुग्णालयात आणावी, रुग्णाचा ताटकळण्याचा वेळ आणि परिचारिकांची पायपीट कमी करावी, एवढाच मूळ हेतू होता. पुढे संगणकाचे महत्त्व वाढले आणि १९८६ मध्ये संस्थेने सध्याचे नाव धारण केले. तिचे मुख्य कार्यालय शिकागो येथे आहे. तेथे पगारी कर्मचारी आहेत. शाखांचे काम मात्र आपापली नोकरी सांभाळून, संध्याकाळी व सुटीच्या दिवशी राबणारे स्वयंसेवक करतात.

मध्यवर्ती संस्था असताना शाखा कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर अमेरिकेतील आरोग्यसेवेच्या अलीकडील इतिहासात सापडते. २००८ मध्ये तेथील सर्वसाधारण रुग्णालयांपैकी शेकडा ९ रुग्णालयांतच प्राथमिक स्वरूपाची संगणकीय रुग्णनोंद होती. २००९ च्या ‘हायटेक’ कायद्याने सरकारी अनुदानाचे दार उघडले आणि २०१५ पर्यंत हे प्रमाण शेकडा ८४ च्या आसपास पोहोचले. अवघ्या सात वर्षांत हजारो रुग्णालयांनी कागद सोडून संगणक धरला. एवढ्या घाईत चुका होणारच, आणि त्या चुकांची माहिती प्रणाली विकणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत नसते. एक साधे उदाहरण घ्या. अमेरिकेत लोक आपले वजन पाउंडात सांगतात, औषधाची मात्रा मात्र किलोग्रॅमवर ठरते. लहान मुलाचे वजन पाउंडात सांगितले गेले आणि पडद्यावर तोच आकडा किलोच्या रकान्यात पडला, तर त्याला दुपटीहून अधिक औषध जाऊ शकते. शेजारच्या रुग्णालयाने हा धोका ओळखून केवळ किलोचाच रकाना ठेवला असेल, तर ती गोष्ट आपल्यापर्यंत लवकरात लवकर पोहोचणे इष्ट. परंतु शेजारचे रुग्णालय हे व्यवसायात प्रतिस्पर्धी असते. दोघांनी ज्या टेबलाशी बसून मोकळेपणाने बोलावे, ते टेबल शाखा मांडून देते. आमच्या मते शाखेचे खरे काम हेच. प्रमाणपत्रे, मेजवान्या, पुरस्कार हे सारे त्यानंतरचे.

शाखेची रचना आपल्या परिचयाची वाटावी अशीच आहे. निवडून आलेले कार्यकारी मंडळ असते. त्यात अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांच्या जोडीला कार्यक्रम, सभासद-नोंदणी, प्रायोजक आणि शासनसंपर्क यांची कामे निरनिराळ्या व्यक्तींकडे दिलेली असतात. अमेरिकन व्यावसायिक संघटनांत एक पद्धत सर्रास आढळते व ती ध्यानात घेण्याजोगी आहे. अध्यक्षांच्या बरोबरीने ‘नियोजित अध्यक्ष’ निवडला जातो आणि आधीचा अध्यक्षही वर्षभर मंडळावर राहतो. म्हणजे एक शिकत असतो, एक कारभार पाहत असतो व एक सल्ला देत असतो. या शिडीमुळे कोणा एकाच्या जाण्याने काम अडत नाही. जेथे ही शिडी मोडते तेथे तोच सद्गृहस्थ आठ-दहा वर्षे अध्यक्ष राहतो, तरुण सभासद हळूहळू येईनासे होतात, आणि एके दिवशी त्याची बदली झाली की बँकेच्या खात्यावर सही कोणाची हेही कोणाला ठाऊक नसते. हे चित्र केवळ अमेरिकेतच दिसते असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या परिसरातील क्रीडामंडळे आणि पतपेढ्या वाचकांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्याच असतील.

कार्यक्रमांविषयी थोडक्यात सांगायचे तर वर्षातून काही व्याख्याने, एखादी दिवसभराची परिषद, विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन, आणि ‘सीफिम्स’ या संस्थेच्या व्यावसायिक परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी अभ्यासगट असे त्यांचे स्वरूप असते. अमेरिकेत आरोग्यविषयक बरेच कायदे राज्यवार असल्यामुळे राज्याच्या विधिमंडळ सदस्यांना भेटून आपले म्हणणे मांडण्याचे कामही शाखा करतात.

पैशाचा प्रश्न मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. सभागृहाचे भाडे, भोजन, वक्त्यांचा प्रवास यांचा खर्च केवळ वर्गणीतून निघत नाही. तो बऱ्याच अंशी प्रायोजकांकडून येतो, आणि प्रायोजक म्हणजे बहुधा रुग्णालयांना संगणकप्रणाली विकणाऱ्या कंपन्याच. या कंपन्यांचे कर्मचारी शाखेचे सभासद असतात व कार्यकारी मंडळावरही येतात. त्यांत गैर काही नाही. त्यांचे ज्ञान मोलाचे असते आणि राबण्यातही ते मागे नसतात. अडचण निर्माण होते ती व्यासपीठावर. ज्याने भोजनाचा खर्च केला त्यालाच तासभर बोलायला दिले, तर व्याख्यानाची जाहिरात होते. रुग्णालयातील माणसे एकदा येतात, दोनदा येतात, तिसऱ्या वेळी घरी राहतात. म्हणून जाणत्या शाखा प्रायोजकाचे नाव फलकावर लावतात, त्याला दाराशी टेबल मांडू देतात, परंतु व्याख्यान देण्यासाठी ती प्रणाली प्रत्यक्ष वापरणाऱ्या रुग्णालयातील व्यक्तीला बोलावतात, आणि काय फसले हेही सांगण्याची तिला विनंती करतात.

स्वयंसेवकाचे हितसंबंध किती दूरवर जाऊ शकतात, हे एका न्यायालयीन खटल्यावरून दिसून येते. तो आरोग्यक्षेत्रातील नसला, तरी अमेरिकेतील व्यावसायिक संघटनांच्या कारभाराची चर्चा त्याच्या उल्लेखाशिवाय अपुरी राहते. ‘अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स’ ही १८८० साली स्थापन झालेली अभियंत्यांची संस्था बॉयलरच्या सुरक्षिततेचे नियम तयार करते. १९७१ मध्ये ‘हायड्रोलेव्हल’ नावाची एक छोटी कंपनी नव्या धर्तीचे उपकरण विकत होती. बॉयलरमधील पाणी ठराविक पातळीखाली गेले की इंधन आपोआप बंद करणारे हे उपकरण होते. संस्थेच्या नियम-उपसमितीवर काम करणाऱ्या एका स्वयंसेवकाची नोकरी प्रतिस्पर्धी कंपनीत होती. त्याच्या कंपनीकडून त्या धर्तीच्या उपकरणाविषयी संस्थेकडे एक प्रश्न लेखी स्वरूपात पाठविण्यात आला. त्याचा मसुदा करण्यात उपसमितीच्या अध्यक्षाचाही हात होता. नंतर त्याच अध्यक्षाने उत्तर लिहिले आणि ते संस्थेच्या नावाने बाहेर पडले. या उत्तरावरून हायड्रोलेव्हलचे उपकरण असुरक्षित असल्याचा समज होत होता. प्रतिस्पर्धी कंपनीच्या विक्रेत्यांनी ते पत्र ग्राहकांना दाखवीत फिरण्यास सुरुवात केली आणि छोटी कंपनी बुडाली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ मे १९८२ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय दिला की, संस्थेच्या नावाने व अधिकाराने वागणाऱ्या स्वयंसेवकाच्या कृत्याबद्दल संस्था जबाबदार आहे. संस्थेला त्या कृत्यापासून काही लाभ झाला नव्हता, हा बचाव मान्य झाला नाही. मंडळाच्या सदस्यांकडून हितसंबंधांचे लेखी निवेदन का घेतात व शाखेच्या कागदावर वाटेल त्याने पत्र का लिहू नये, याचे उत्तर या निकालात आहे.

कराचा प्रश्न याहून कंटाळवाणा आहे, पण त्याने अधिक संस्थांचा घास घेतला आहे. स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून नोंदलेल्या शाखेस अमेरिकेच्या करखात्याकडे दरवर्षी विवरणपत्र भरावे लागते. वार्षिक जमा सर्वसाधारणपणे ५०,००० डॉलरपर्यंत असेल, तर इंटरनेटवरील एक छोटासा अर्ज पुरतो. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या पाचव्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तो भरावयाचा असतो. काम दहा मिनिटांचे आहे. परंतु २००६ च्या एका कायद्याने अशी तरतूद केली की, ओळीने तीन वर्षे विवरणपत्र न भरल्यास करमाफी आपोआप रद्द व्हावी. जून २०११ मध्ये करखात्याने अशा संस्थांची पहिली यादी प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यात सुमारे २,७५,००० नावे होती. त्यांतील पुष्कळ संस्था आधीच बंद पडलेल्या होत्या, हे खरे. मात्र पत्ता बदलल्यामुळे सूचनापत्र जुन्या खजिनदाराच्या घरी जावे आणि नव्या खजिनदाराला त्याची वार्ताही नसावी, हा प्रकार स्वयंसेवी संस्थांत नेहमीचा आहे. यास्तव शाखेचा टपालाचा पत्ता, ई-मेल व बँकखाते कोणा व्यक्तीच्या नावावर न ठेवता पदाच्या नावावर ठेवावे आणि खात्यावर निदान दोघांची नजर असावी, असा दंडक चांगल्या शाखा पाळतात.

कोरोनाच्या साथीने या साऱ्या व्यवस्थेची कसोटी पाहिली. हिम्सची वार्षिक जागतिक परिषद मार्च २०२० मध्ये ऑरलँडो येथे भरावयाची होती. ती अवघे काही दिवस आधी, ५ मार्च रोजी रद्द करण्यात आली. शाखांचे भोजनप्रसंग थांबले आणि त्यांबरोबर प्रायोजकांचा पैसाही. व्याख्याने संगणकाच्या पडद्यावर आली. त्यात प्रवास वाचला, दूरच्या गावातील लहान रुग्णालयाच्या माणसालाही ऐकता आले. पण चहाच्या वेळी कोपऱ्यात उभे राहून ‘आमच्याकडे काय गोंधळ झाला ते सांगतो’ अशी जी गोष्ट निघते, ती ध्वनिमुद्रण चालू असताना कोणी बोलत नाही. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये हिम्सने आपल्या जागतिक परिषदेच्या आयोजनासाठी ‘इन्फॉर्मा’ या मोठ्या प्रदर्शन कंपनीशी भागीदारी जाहीर केली. केंद्र असे व्यापारी पद्धतीने चालू लागले की स्वयंसेवकाच्या मनात ‘मी फुकट कोणासाठी राबतो?’ हा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. शाखांनी त्याचे उत्तर आपल्या भागातील रुग्णालयांच्या कामातूनच शोधावे लागेल, असे आम्हास वाटते.

या क्षेत्राशी आपल्या धर्मभगिनींचा संबंध जुना आहे, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. अमेरिकेत वैद्यकीय नोंदींच्या शास्त्राचे जे पहिले शिक्षणक्रम १९३५ मध्ये मान्यता पावले, त्यांतील एक मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथील सेंट स्कोलास्टिका या बेनेडिक्टाइन भगिनींच्या महाविद्यालयाचा होता. आपल्या देशात ऑस्ट्रेलियाहून आलेल्या डॉक्टर सिस्टर मेरी ग्लोरी यांनी १९४३ साली कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभारली. तीच आजची ‘कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया’. भारतात वैद्यकीय माहितीशास्त्राची स्वतंत्र संघटना १९९३ पासून कार्यरत आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाल्यावर आपली छोटी मिशन रुग्णालयेही संगणकीय नोंदींकडे वळू लागली आहेत. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला आणि तेथील कर्मचाऱ्यांना कित्येक दिवस हाताने नोंदी कराव्या लागल्या. एम्ससारख्या संस्थेची ही स्थिती, तर पन्नास खाटांच्या रुग्णालयातील एकट्या संगणक-कर्मचाऱ्याने कोणाकडे पाहावे? जवळपासच्या पाच-सहा रुग्णालयांतील अशा मंडळींनी दोन महिन्यांतून एकदा एकत्र बसावे, एवढीच सुरुवात पुरेशी आहे. त्यासाठी आरंभी नोंदणीची किंवा निधीची गरज नाही.

पुढे काम वाढून संस्था नोंदविण्याची वेळ आली, तर महाराष्ट्रात १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा हे दोन्ही लागू होतात. कार्यकारी मंडळ बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ‘बदल अर्ज’ सादर करावा लागतो. तो वर्षानुवर्षे पडून राहिल्यास बँकेचे व्यवहार व मालमत्तेची कामे अडतात. तेव्हा नव्या मंडळाच्या पहिल्याच सभेत हा अर्ज सह्यांसाठी टेबलावर ठेवावा.