जुन्या वाहनांची यंत्ररचना : लेखांक ६ — जीपच्या ड्रमवरील उलटे आटे

ब्रेक ड्रमच्या तोंडातून बाहेर डोकावणाऱ्या आणि नटासाठी आटे पाडलेल्या ज्या पोलादी दांड्यांवर चाक बसते, त्यांना स्टड म्हणतात. ब्रेकची डागडुजी करताना जुनी गाडी बाळगणारे लायनिंगवर आणि सिलिंडरवर पैसा खर्च करतात, परंतु स्टड बहुधा गाडीच्या जन्मापासूनचेच असतात.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे विलीस घराण्यातील जीप होय. १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने ही गाडी येथे रुजवली. मूळ विलीसच्या प्रत्येक चाकाला साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर ५ स्टड असतात; त्यांचा व्यास अर्धा इंच असून एका इंचात २० आटे येतात आणि डाव्या बाजूच्या चाकांवरील आटे उलटे असतात. सायकलच्या डाव्या पायंडलाचे आटे उलटे असतात हे सर्वपरिचित आहे. येथेही चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नये हाच हेतू होता. वास्तविक नटाची शंकूच्या आकाराची बैठक रिममधील खोबणीत घट्ट दाबली गेली, तर दोन्ही बाजूंना सुलटे आटे पुरतात, आणि पुढे बहुतेक उत्पादकांनी तेच पत्करले.

मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून पनवेल आणि वसईचे फाटे जेथे फुटतात, त्या दिव्याच्या परिसरात खाडीची खारी हवा आणि पावसाळ्याचे चार महिने उघड्या आट्यांना गंज चढवतात. असा जाम झालेला नट डाव्या चाकावर असला आणि पंक्चर काढणाऱ्याने पान्याला पाइप जोडून सवयीप्रमाणे डावीकडे जोर लावला, तर तो नट सुटण्याऐवजी अधिकच आवळला जातो आणि शेवटी स्टड मानेतून तुटतो. त्यात कारागिराचा दोष मानणे अन्यायाचे ठरेल, कारण उलट्या आट्यांची गाडी त्याच्यापुढे वर्षातून एखादीच येते. म्हणूनच डावीकडेही सुलट्या आट्यांचे नवे स्टड बसवणे ही सुधारणा समंजस ठरते.

हे काम मात्र दिसते तितके सोपे नाही. मूळ रचनेत स्टड हबच्या मागून आत शिरून ड्रममधून बाहेर येतो आणि त्याची कड ड्रमवर ठोकून पसरवलेली असते, त्यामुळे हब आणि ड्रम रिव्हेट केल्यासारखे एकजीव होतात. ही पसरलेली कड आधी कापून न काढता स्टड प्रेसखाली ढकलला, तर तो हबचे छिद्र रुंदावत बाहेर पडतो आणि त्या छिद्रात नव्या स्टडची दातेरी मान पकड घेत नाही. नवे स्टड हातोड्याने न ठोकता प्रेसवर सरळ बसवावेत आणि त्यानंतर ड्रम त्याच हबवर चढवून लेथवर तपासावा; अन्यथा ब्रेक दाबताच पायाखाली धडधड जाणवते.

याहून फसवा धोका मापांचा आहे. मोटारींच्या सुट्या भागांत सहज मिळणाऱ्या १२ मिलिमीटरच्या स्टडच्या दोन लगतच्या आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर असते, तर अर्ध्या इंचाच्या मूळ स्टडवर ते १.२७ मिलिमीटर असते. हा फरक इतका सूक्ष्म आहे की जुना नट नव्या बारीक स्टडवर बोटांनीही फिरतो, पण आट्यांची केवळ टोकेच एकमेकांत गुंततात आणि भार येताच ती सोलून निघतात. नट डोलला की माप चुकले असे समजावे.

स्टडवरील १०.९ या आकड्याचा अर्थ असा की तुटण्यापूर्वी तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे १,००० न्यूटन ताण सोसतो आणि त्याच्या नऊ दशांश ताणापर्यंत कायमचा लांबत नाही. १२.९ चा स्टड त्याहून बळकट असला, तरी त्यावर चकाकीसाठी पुन्हा मुलामा चढवण्याचा मोह टाळावा, कारण त्या प्रक्रियेत पोलादात शिरणारा हायड्रोजन त्याला ठिसूळ बनवतो. लांबीचा हिशेब सोपा आहे : अर्ध्या इंचाच्या स्टडवर नटाचे निदान १० फेरे पूर्ण बसावेत. जाड मिश्रधातूची रिम घालणाऱ्यांनी हे फेरे रिम चढवूनच मोजावेत.

नट आडवे-तिरपे क्रमाने, टॉर्क पान्याने, कोरड्या आट्यांवर आवळावेत आणि पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. जुने उलटे नट त्याच दिवशी हत्यारांच्या पेटीतून काढून टाकावेत, कारण रात्री शीळ फाट्यावर स्टेपनी बदलताना ते हाती लागले, तर सुलट्या स्टडचे पहिलेच आटे मोडतात.