काखेत मावणारा संगणक

आम्हा महाडकरांना घरातली प्रत्येक वस्तू दोन प्रकारे पारखावी लागते: उपयोगाची किती, आणि माळ्यावर चढवायला जड किती! जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी गावात शिरले, तेव्हा कित्येक घरांतली पुस्तके, वह्या, यंत्रे चिखलात गेली. लेकीसाठी संगणक जुळवायचे ठरले, तेव्हा मी म्हटले, पेटी लहानच हवी.

पोलादपूरहून भाचा मदतीला आला. लहान पेटीतला मदरबोर्ड 'मिनी-आयटीएक्स' मापाचा. लांबी-रुंदी अवघी १७ सेंटिमीटर! एका खोलीत संसार थाटावा तसेच हे काम: आधी माप, मग खरेदी. प्रोसेसरवरचा पंखा किती उंच चालेल, वीजपुरवठ्याचा डबा कोणत्या मापाचा, हे अगोदर पाहावे. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी बोर्ड बाहेर असतानाच बसवावीत. तो आत गेला की बोट शिरायला जागा उरत नाही. तारांनी हवेची वाट अडवू नये. पेटी लहान झाली, म्हणून आतली उष्णता थोडीच कमी होते?

"मग लॅपटॉपच का नाही घेतला?" असे कोणी विचारील. अहो, यातला एखादा भाग बिघडला, तर बहुधा तेवढाच बदलता येतो!

आता नदी चढू लागली, की वीज बंद करायची, तारा सोडवायच्या आणि पेटी काखेत घेऊन जिना चढायचा. तरीही लेकीच्या लेखनाची एक प्रत भाच्याकडे पोलादपुरास ठेवली आहे. पाणी येईल तेव्हा पेटी उचलायला घरी कोणी असेलच, असे थोडेच आहे?