शनिवारवाडा : दगडाचं घर की लाकडाचं?

शनिवारवाडा पाहून आलेल्या लोकांची एक ठरलेली तक्रार असते, आत काही राहिलंच नाही हो! दिल्ली दरवाजातून आपण मोठ्या अपेक्षेनं आत शिरतो आणि समोर दिसतात नुसती दगडी जोती आणि हिरवळ. आज आपण त्या जोत्यांविषयीच बोलणार आहोत.

थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च सांगितला जातो तो १६,११० रुपये. दगड चिंचवडच्या खाणींचा, सागवान जुन्नरच्या जंगलातलं, चुना जेजुरीचा. आता हे तिन्ही जिन्नस कुठे वापरले ते पाहा, म्हणजे पुढचं सगळं उलगडतं. काळा दगड जोत्याला आणि तटाच्या खालच्या भागाला. त्यावर वीट. आणि घराचा खरा भार पेलणारा सांगाडा मात्र लाकडी : खांब, तुळया, पाटणी. तट वरपर्यंत दगडी करायला सातारकरांनी हरकत घेतली, दगडी वास्तू फक्त छत्रपतींनी बांधावी, असं म्हणणं पडलं, अशी कथा सांगतात. कथा रंजक आहे, पण आम्हाला ती पुरेशी वाटत नाही. दगडी जोतं, वर लाकूड आणि वीट ही पद्धत देशावरच्या वाड्यांतून सर्रास दिसते. पावसाचं पाणी आणि ओल जमिनीलगत, म्हणून तिथे दगड. वर मजले चढवायचे तर वजन हलकं हवं, म्हणून लाकूड.

पण त्याची किंमत मोजावी लागली. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली आणि आतले महाल जळून गेले. सागवानच ते, पेटल्यावर थांबतंय कशाला. तुळया गेल्या की त्यांच्या आधारानं उभ्या भिंतीही बसल्या. दिल्ली दरवाजावरचा लाकडी नगारखाना तेवढा वाचला. वर कसा वाडा असेल याची कल्पना तिथे येते.

खालचा नकाशा मात्र शाबूत आहे. जुन्या घरांचं माप खणांत मोजत, खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आणि ते ठरायचं तुळईच्या लांबीवरून. म्हणून दालनं अरुंद आणि लांबट, आणि उजेडासाठी मध्ये चौक. पुढच्या खेपेला जोत्यांवर खांबांचे तळखडे कुठे दिसतात का ते शोधा आणि एका तळखड्यापासून दुसऱ्यापर्यंत पावलं मोजा.