गोळी आधी मुंबईला जाते

रात्री अकरा वाजता पुण्याजवळच्या वाकडच्या दत्तमंदिर रस्त्यावरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये व्हॅलोरंट या नेमबाजीच्या ऑनलाइन खेळाचा डाव रंगलेला असतो. भिंतीआडून शत्रू डोकावतो, माउसचं बटण दाबलं जातं, बंदूक कडाडते. ही गोळी सर्वांत आधी कुठे जाते? शत्रूकडे नाही, मुंबईला. तिथल्या सर्व्हरला ती विचारते, 'लागली का?' आणि उत्तर घेऊन घाट चढून परत येते. शत्रू त्याच सोसायटीच्या शेजारच्या विंगमध्ये बसलेला असला, तरी वाट मुंबईवरूनच.

फायबरच्या काचेतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण 200 किलोमीटर धावतो. मुंबईला जाऊन परत यायला त्याला दीड-दोन मिलिसेकंद पुरेत. तरी पडद्यावर या फेरीचा वेळ दाखवणारा पिंगचा आकडा त्याच्या कितीतरी पट असतो, कारण खरा वेळ अंतरात जात नाही, चौकांत जातो. भूमकर चौकातून हिंजवडी काही लांब नाही, पण सकाळी साडेनऊला तिथे पोचायला किती वेळ लागतो ते वाकडकरांना सांगायला नको. डेटाचंही तसंच. घरचं वायफाय, कंपनीचे राउटर, मधली जोडणी केंद्रं, आणि प्रत्येक ठिकाणी रांग.

माणसाला डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. मग वीस-तीस मिलिसेकंदांचं एवढं कौतुक कशाला? कारण 'हार्डकोर' म्हणवणाऱ्या नेमबाजीच्या खेळांत एका गोळीत कारभार आटोपतो. सौम्य खेळात चार गोळ्या खाऊनही आडोशाला बसलं की जीव आपोआप भरून येतो. हार्डकोर खेळात तशी माफी नसते. काहींत नकाशा नसतो, निशाणाची खूण नसते, आपल्याच साथीदाराला आपली गोळी लागू शकते. चुकीला जागा जितकी कमी, तितका उशीर महाग.

हे कोडं इंटरनेटपेक्षा जुनं आहे. 1973 मध्ये कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रात काही विद्यार्थ्यांनी 'मेझ वॉर' नावाचा खेळ रचला. चक्रव्यूहात फिरायचं, समोर दुसरा खेळाडू दिसला की गोळी घालायची. खेळाडू दिसायचे कसे, तर हवेत तरंगणाऱ्या डोळ्यांच्या बुबुळांसारखे. यंत्रं शेजारीशेजारी होती तोवर उशीर जाणवायचा नाही. 1996 मध्ये 'क्वेक' टेलिफोनच्या तारेवरून खेळला जाऊ लागला आणि पंचाईत झाली. पुढे जायचं बटण दाबा, आज्ञा सर्व्हरला जाईल, परवानगी परत येईल, मग पाऊल उचललं जाईल. त्याच वर्षाच्या अखेरीस 'क्वेक'चा प्रोग्रामर जॉन कारमॅकने 'क्वेकवर्ल्ड'मध्ये एक धाडसी तोड काढली. परवानगीची वाट पाहायचीच नाही. सर्व्हर काय म्हणेल याचा अंदाज बांधून आपल्याच यंत्राने पाऊल टाकायचं, आणि अंदाज चुकला तर मुकाट्याने दुरुस्ती करायची.

चालण्याचं कोडं सुटलं, पण गोळीचं काय? व्हॉल्व्ह कंपनीच्या खेळांनी दिलेलं उत्तर तर काळालाच हात घालतं. सर्व्हर गेल्या काही क्षणांत कोण नेमकं कुठे होतं याची नोंद ठेवतो. तुमची गोळी पोचली की तुमचा उशीर मोजतो, सगळं जग तेवढं मागे नेतो, आणि तुम्ही बटण दाबलंत तेव्हा तुमच्या पडद्यावर शत्रू कुठे दिसत होता ते पाहून निकाल देतो. दर काही मिलिसेकंदांनी भूतकाळात जाऊन येणारा न्यायाधीश! व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला 128 वेळा जगाची फेरमांडणी करतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांच्या आत एकदा.

या न्यायाला किंमत आहे, आणि ती दुसराच कुणीतरी मोजतो. 'मी तर भिंतीमागे गेलो होतो, तरी मेलो' ही तक्रार प्रत्येक खेळाडूने केलेली असते. ती खोटी नसते. त्याच्या पडद्यावर तो खरंच आडोशाला गेलेला असतो, पण मारणाऱ्याच्या पडद्यावर अजून उघड्यावर असतो. दोघं एकाच क्षणात जगत नसतात. उशीर नाहीसा झालेला नसतो, तो फक्त लपणाऱ्याच्या खात्यावर टाकलेला असतो.

त्याच टेबलावर कागदी प्लेटमध्ये कोपऱ्यावरच्या गाडीवरून आणलेलं व्हेज सँडविच असतं, आणि तिथेही उशिराशीच झुंज चाललेली असते. काकडीत सुमारे 95 टक्के पाणी. त्यावर मीठ पडलं की ते पाणी बाहेर यायला लागतं. टोमॅटो आणि बीट त्यात भर घालतात. ब्रेड सच्छिद्र, मिळेल तेवढं पाणी पिणारा. पाव लगद्यासारखा होणार हे ठरलेलंच; प्रश्न फक्त कधी, एवढाच. म्हणून गाडीवाला आधी दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत बटर फासतो आणि मग त्यावर हिरवी चटणी. टेबल बटरमध्ये नियमानुसार किमान 80 टक्के स्निग्धांश लागतो, आणि स्निग्ध पदार्थ पाण्याला वाट देत नाहीत. बटरचा हात कोपऱ्यापाशी आखडला, की पाव तिथूनच भिजायला लागतो.

इंग्रजांच्या चहासोबतच्या काकडी सँडविचमध्येही बटर असंच कडेपर्यंत लावतात, पण मिठाचा क्रम उलटा. ते काकडीच्या पातळ चकत्यांना आधीच मीठ लावून ठेवतात, सुटलेलं पाणी निथळून टाकतात आणि मगच चकत्या पावात घालतात. उशीर आधीच भोगून घ्यायचा, म्हणजे सँडविच चहाची वाट पाहू शकतं. आपला गाडीवाला मीठ-मसाला शेवटच्या क्षणी भुरभुरवतो आणि प्लेट हातात देतो. इथे वाट पाहणं खाणाऱ्याला परवडत नाही. माझं मत विचाराल तर बटर, काकडी आणि मीठ एवढ्यावरच उभं असलेलं ते इंग्रजी सँडविच खरं हार्डकोर. चूक झाकायला त्यात चटणी नाही, शेव नाही, केचअप नाही.

खेळ आणि सँडविच यांची सोयरीक तशी जुनीच. सँडविचचा चौथा अर्ल जॉन मॉन्टेग्यू जुगाराच्या टेबलावरून उठायला नको म्हणून दोन पावांमध्ये मांस घालून खायचा, ही कथा पसरवली पिएर-जाँ ग्रोसले या फ्रेंच प्रवाशाने. अर्लचे चरित्रकार रॉजर यांना मात्र वाटतं, की आरमाराच्या कामात बुडालेला हा मंत्री बहुधा कचेरीच्या मेजावरच जेवत असावा. इतिहासकार गिबनच्या रोजनिशीत 24 नोव्हेंबर 1762 रोजी सँडविचचा उल्लेख आहे, तोही लंडनच्या एका क्लबात टेबलाटेबलावर जेवणाऱ्या बड्या लोकांच्या संदर्भात. वाकडमध्ये कथेच्या दोन्ही बाजू टिकून आहेत: दुपारी लॅपटॉपसमोर सँडविच, रात्री गेमसमोर.

आता पुन्हा खेळाकडे, बीजीएमआयकडे वळू. पबजी मोबाइलवर भारतात सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आल्यावर जुलै 2021 मध्ये आलेला हा खेळ. व्हॅलोरंटच्या रायफलची गोळी सुटताक्षणी लागते, त्यामुळे उशीर फक्त तारांचा. बीजीएमआयमध्ये गोळीला स्वतःचा प्रवास असतो आणि ती जाता जाता खालीही येते. खऱ्या एकेएम रायफलची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 715 मीटर वेगाने सुटते. हवेचा अडथळा सोडून दिला, तरी 300 मीटर जायला तिला 0.42 सेकंद लागतात. तेवढ्यात ती पाऊण मीटरहून जास्त खाली येते, आणि सेकंदाला पाच मीटरने पळणारा माणूस दोन मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून मुरलेला खेळाडू माणसावर नेम धरतच नाही. माणसाच्या पुढच्या, थोड्या वरच्या रिकाम्या हवेवर धरतो. गणिताला नाकं मुरडणारी मुलं हे गणित अंगठ्याने सोडवतात. असे खेळ आता इथेही घडतात. पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीने 'मास्कगन' बनवला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये 'इंडस' हा बॅटल रोयाल खेळ बाजारात आणला.

आता वाकडचा एखादा भाऊ आणि त्याची लंडनमधली बहीण अशा खेळात समोरासमोर आले तर? मुंबई ते लंडन सरळ रेषेत 7,200 किलोमीटर. जाण्यायेण्याला प्रकाशालाच 72 मिलिसेकंद हवेत, प्रत्यक्षात शंभराच्या वर. सर्व्हर मुंबईत ठेवला तर बहीण रडणार, लंडनमध्ये ठेवला तर भाऊ. मधे कुठे ठेवला तर दोघंही थोडे थोडे कुरकुरणार. कितीही महागडा प्लॅन घेतला तरी प्रकाश याहून वेगाने धावत नाही. बटर लावणाऱ्याने आणि सर्व्हर रचणाऱ्याने हे कधीच मान्य केलेलं आहे: उशीर मिटवता येत नाही, तो कुणाच्या वाट्याला जावा एवढंच आपल्या हातात असतं. बहीण-भावाने मात्र सर्व्हर आळीपाळीने बदलावा, आणि हरल्यावर इंटरनेटला दोष देण्याची पाळीही आळीपाळीनेच घ्यावी.