पाण्याची चाकरी

डेन्व्हरच्या प्राणिसंग्रहालयात टिटिकाका बेडकाच्या टाकीपुढे उभं राहिलं की आधी वाटतं, हा मेलेलाच आहे. हिरवट-तपकिरी, हाताच्या पंजाएवढा, तळाच्या दगडाला टेकून पडलेला. अंगावर कातडी एवढी, की जणू थोरल्या भावाचा सदरा घातलाय. मानेखाली, पाठीवर, मांड्यांवर घड्याच घड्या. किती वेळ झाला तरी श्वास घ्यायला तो वर येत नाही. मग फिल्टरच्या झोताने त्या घड्या हलताना दिसतात. त्याचा श्वास तिथेच चाललेला असतो.

पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर, ३,८१२ मीटर उंचीवरचं टिटिकाका सरोवर हे त्याचं घर. तिथली हवा विरळ, म्हणून पाण्यात विरघळणारा प्राणवायूही बेताचा. या बेडकाचा जन्म, वाढ, प्रजनन सगळं पाण्यातच होतं. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्या शरीराची ही व्यवस्था उलगडली. फुप्फुसं अगदी लहान, पण केशवाहिन्या कातडीच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचलेल्या. रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने बारीक, पण संख्येने भरपूर. प्राणवायू फारच कमी पडला, तर हा पठ्ठ्या तळावर चक्क जोर काढतो. अंग वर-खाली करून घड्या हलवतो आणि कातडीला ताजं पाणी लावून घेतो.

काचेपुढून बेडूक दिसतो. त्याच्यासाठी चाललेलं काम बघायचं तर टाकीच्या मागच्या बाजूला जावं लागतं. देखभाल करणारी मुलगी आत येताना जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बूट बुडवते. प्रत्येक टाकीची जाळी वेगळी, बादली वेगळी, इकडची वस्तू तिकडे चालत नाही. कारण कायट्रिड नावाची बुरशी एका ओल्या जाळीवरूनही पसरू शकते, आणि ती नेमकी कातडीवरच हल्ला करते. टिटिकाका बेडकाच्याच कुळातल्या इक्वाडोरमधल्या तीन जाती कित्येक वर्षांत कोणाच्या नजरेला पडलेल्या नाहीत.

मग ती तापमान बघते. पाणी थंडच हवं. परीक्षानळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात थेंब मोजून औषध टाकते, नळी हलवते आणि रंगाच्या तक्त्याशेजारी धरते. पाणी पिवळं राहिलं तर ठीक. हिरवी झाक आली, तर अमोनिया वाढला. तळाची विष्ठा रबरी नळीने ओढून काढायची आणि तेवढंच, क्लोरीन काढून गार केलेलं पाणी हळूहळू सोडायचं. शेवटी सगळे आकडे नोंदवहीत. एवढ्या वेळात बेडकाला तिने बोटही लावलेलं नसतं. कातडी हेच फुप्फुस असेल तर पाण्यातला प्रत्येक बिघाड थेट रक्तात जाणार. नाक दाबून बसायची सोयसुद्धा त्याला नाही. म्हणून इथली चाकरी बेडकाची कमी आणि पाण्याची जास्त.

सरोवरात ही चाकरी करायला कोणी नाही. पुनो शहराचं सांडपाणी तिथेच जातं. बोलिव्हियाच्या बाजूने एल आल्तो शहराची घाण कातारी नदी आणून ओतते. २०१५मध्ये बोलिव्हियाच्या किनाऱ्यावर बेडकांचा खच पडला. २०१६मध्ये पेरूच्या कोआता नदीत सुमारे दहा हजार बेडूक मेले. बाहेरून आणून सोडलेला ट्राउट मासा त्यांच्या पिल्लांवर ताव मारतो. त्यात लिमा आणि कुस्कोच्या बाजारांत बेडूक सोलून, मिक्सरमधून फिरवून त्याचा रस विकतात, तोही दम्यावरचं औषध म्हणून! ज्याला धड फुप्फुस नाही, त्याच्याकडून माणसं श्वास मागतात.

याच सरोवराकाठी दुष्काळात बेडकांना भांड्यात घालून डोंगरावर ठेवायची जुनी रीत आहे. त्यांचं ओरडणं ऐकून पाऊस येतो, हा विश्वास. आपल्याकडे पावसासाठी धोंडी काढणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

टिटिकाका बेडूक बरीच वर्षं अतिसंकटग्रस्त गणला जात होता, आता तो संकटग्रस्त आहे. त्याच्या चुलतभावाची गत याहून वाईट. चिलीत कालामाजवळ लोआ बेडकांचा ओढा आटला, तेव्हा २०१९मध्ये चिखलाच्या डबक्यात अवघे चौदा जीव सापडले. त्यांना विमानाने सान्तियागोच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात नेलं. त्यातले दोन दगावले, पण पुढच्याच वर्षी सुमारे दोनशे पिल्लं जन्मली. परत जायला मात्र ओढा हवा.

टाकीची मर्यादा नेमकी तिथेच लागते. डेन्व्हरचे बेडूक पेरूतल्या वाचिपा प्राणिसंग्रहालयातून आले, आणि त्यांची पिल्लं पुढे इंग्लंडात चेस्टरला गेली. पण परदेशात वाढलेला बेडूक सरोवरात सोडायचा, तर त्याच्यासोबत एखादा नवा रोग नेण्याची भीती. म्हणजे हा साठा अडीअडचणीसाठी राखलेला. त्याने वेळ मिळतो, सरोवर मिळत नाही. नोंदवहीतल्या आकड्यांनी एक गोष्ट मात्र पक्की केली आहे: पाणी ठीक असेल तर बेडूक आपलं आपण निभावतो, अंडी घालतो, वाढतो. तेव्हा पुढचा हिशेब पुनो आणि एल आल्तोच्या सांडपाणी प्रकल्पांकडे मागायचा आहे.