रेंजचे गणित : बेटेगावच्या निमित्ताने

'रेंज' या इंग्रजी शब्दाचा अर्थ पल्ला. मराठीने मात्र त्याला नळाच्या पाण्याच्या पंगतीला बसवले आहे. 'पाणी आलं का?' या सुरातच आपण 'रेंज आली का?' असे विचारतो. पाणी कोणत्या धरणातून येते हे निदान ठाऊक असते. रेंज कुठून येते आणि कुठे जाते, याची चौकशी सहसा होत नाही. ती करण्यासाठी बेटेगावसारखे ठिकाण सोयीचे आहे.

बेटेगाव बोईसरला लागून आहे. किनारपट्टीच्या तालुक्यात असले तरी समुद्र काही कोस पश्चिमेला. त्या बाजूला 1969 पासून वीज देणारे तारापूरचे अणुकेंद्र, मध्ये एमआयडीसीचे कारखाने आणि या बाजूला वाढती वस्ती. 2009 मध्ये टाटा हाउसिंगने बोईसरला स्वस्त घरांची 'शुभगृह' योजना जाहीर केली आणि 2013 मध्ये लोकल विरारपुढे डहाणूपर्यंत धावू लागली. शेतांच्या जागी इमारती आल्या. कारभार ग्रामपंचायतीचा आणि राहणी शहराची, अशा गावांत रेंजचे सगळे प्रश्न एकत्र भेटतात.

आधी मोजमाप. फोनवरच्या दांड्या हे माप नव्हे. किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा आपापल्या मर्जीने ठरवतो. खरे माप डीबीएम. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीखाली बहुतेक वेळा हा आकडा सापडतो आणि तो उणे असतो. फोरजीसाठी उणे 80 च्या आसपास उत्तम, उणे 100 कामचलाऊ आणि उणे 115 म्हणजे कॉल टिकला तर नशीब. ही मोजणी बेरजेची नसून पटींची आहे. उणे 90 वरून उणे 100 वर येणे म्हणजे दहा टक्के घट नव्हे; ताकद दहाव्या हिश्शावर आली. उणे 100 म्हणजे एका मिलिवॉटचा हजार कोटीवा भाग. एवढ्याशा कुजबुजीतून फोन माणसाचा आवाज वेगळा काढतो. रेंज जाते याचे आश्चर्य वाटण्यापेक्षा ती असते याचेच वाटावे!

दांड्या भरलेल्या असूनही कॉल लागत नाही, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. ताकद आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिचे उत्तर. टॉवरची क्षमता त्याच्या परिसरातले सगळे फोन वाटून घेतात. पाळी सुटते, लोकल येते, घरोघरी व्हिडिओ सुरू होतात आणि त्याच टॉवरवर हजारो हात पसरतात. फलाटावरून गाडी दिसते, पण दारात पाय ठेवायला जागा नसते, तशी ही अवस्था. शिवाय शेजारच्या टॉवरच्या लहरी एकमेकींत मिसळल्या, तर आकडा चांगला असूनही आवाज फाटतो.

तिसरे कारण भिंती. भारतात मोबाइलसाठी साधारण 700 ते 3300 मेगाहर्ट्झच्या दरम्यानचे वेगवेगळे पट्टे वापरले जातात. 700 च्या लहरीची लांबी सुमारे 43 सेंटिमीटर, तर फाइव्हजीच्या 3300 ची सुमारे 9. लांब लहर दूर जाते आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरते. आखूड लहर माहिती भरपूर वाहते, पण सळयांच्या काँक्रीटपुढे लवकर थकते. पत्र्याचा गाळा तर तिला जवळजवळ अडवूनच धरतो. म्हणून गच्चीवर धावणारा फाइव्हजी तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत लंगडतो.

पावसाळ्यात रेंज जाते, हा अनुभव खरा आहे, पण दोष बहुधा भलत्यावर जातो. फोनच्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. जिथे फायबर पोचलेले नाही, तिथे टॉवर एकमेकांना तबकडीच्या अँटेनांनी जोडलेले असतात. त्या लहरी कितीतरी आखूड, आणि त्यांना मुसळधार पाऊस नडतो. त्यात वीज गेली की टॉवर बॅटरीवर येतो. बॅटरी काही तासांची. नंतर डिझेल जनरेटर चालला तर चालला.

समुद्राचे आणखी एक लहरी प्रकरण आहे. पावसाळ्यापूर्वी अरबी समुद्रावर गरम कोरड्या हवेचा थर खालच्या दमट हवेवर पसरतो आणि रेडिओ लहरी त्याच्याखाली बोगद्यातून गेल्यासारख्या वाहतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारला याच कारणाने अरबस्तानचा किनारा दिसल्याची नोंद रेडिओशास्त्राच्या ग्रंथांत आहे. लांबच्या टॉवरची लहर अशी वाहत आली, तर ती मदत करत नाही. इथल्या लहरींत कालवाकालव करते.

मग याची नोंद कुठे होते? कॉल तुटण्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असावे, असा 'ट्राय'चा दंडक आहे. पण तो परवाना-क्षेत्रासाठी मोजला जातो, आणि आपले परवाना-क्षेत्र म्हणजे मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा. एवढ्या मोठ्या सरासरीत एका गावाची रडकथा विरून जाते. 2024 च्या नव्या नियमांनी कंपन्यांना आपले व्याप्ती-नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे बंधनकारक केले, ही चांगली सुधारणा आहे. तरी नकाशातला रंग लहर कुठवर पोचते एवढेच सांगतो. संध्याकाळची गर्दी आणि मागची खोली त्यात दिसत नाही.

हा केवळ सोयीचा मामला नाही. अणुकेंद्राभोवती 16 किलोमीटरचे आपत्कालीन नियोजन-क्षेत्र धरले जाते आणि बोईसर त्यात येते. जानेवारी 2020 मध्ये तारापूर वसाहतीतल्या स्फोटात कामगारांचे बळी गेले. अशा घटकेला सगळे एकदम फोन करतात आणि टॉवर तुंबतो. 2023 मध्ये ज्याची देशभर चाचणी झाली, तो कर्कश आवाजाचा इशारा या गर्दीतूनही पोचतो, कारण तो एकेका क्रमांकाला न पाठवता टॉवरवरून एकदाच सगळ्यांना प्रसारित होतो. फोनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' अशी अक्षरे दिसली, तर आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून मदत मागता येते, असा त्यांचा अर्थ. पण या दोन्ही गोष्टींना टॉवर जिवंत असावा लागतो. बंद बॅटरीपुढे कोणतीही युक्ती चालत नाही.

म्हणून ग्रामसभेत पाण्याच्या टाकीबद्दल जे विचारले जाते, तेच टॉवरबद्दलही विचारायला हवे. वीज गेल्यावर तो किती तास चालतो? त्याला फायबर आहे की तबकडी? 'रेंज नाही' या दोन शब्दांच्या तक्रारीला उत्तरही दोन शब्दांचेच मिळते. डीबीएमचा आकडा, वेळ, घरात की बाहेर आणि फोरजी की फाइव्हजी, अशा चार नोंदी आठवडाभर वहीत ठेवल्या, की गर्दीचा दोष, भिंतीचा दोष आणि टॉवरचा दोष वेगवेगळे दिसू लागतात. सरासरीत हरवलेल्या गावाला आपली बाजू मांडण्यासाठी सध्या तरी एवढी वही पुरेशी आहे.